ॲनालॉग सिंथवर कॉर्ड वाकवायची, पण षड्ज हलू द्यायचा नाही

पांढरी_एक

मंडळी, दोन महिने एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. इथे पेटीवाले, कीबोर्डवाले आणि सोल्डरिंग करणारे सगळेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

दादरला नाट्यगीतांचा एक छोटा कार्यक्रम होता. पेटी दुसऱ्यांकडे होती. मागे पॅड (लांबवर धरलेले मऊ सूर) धरायला माझ्याकडे चार व्हॉईसचा, म्हणजे एका वेळी चार सूर वाजवणारा, ॲनालॉग सिंथ. गायकाची पट्टी पांढरी एक, म्हणजे सा पहिल्या पांढऱ्या कळीवर. एका पदात ते मध्यमावर थांबले आणि तिथून अगदी सावकाश, मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, गंधारावर उतरायला लागले. मी खाली सा, प, म आणि वरचा सा धरला होता. मला वाटलं, आपणही त्यांच्याबरोबर उतरावं. डावा हात बेंडरवर (सूर वर-खाली वाकवायची सोय) नेला आणि हळूच खाली ओढला. म पासून ग पर्यंत अर्धा सूर. बेंडरची रेंज दोन सेमीटोनची (दोन अर्ध्या सुरांची), म्हणजे निम्मा ओढायचा. तेवढा ओढला.

म खाली येऊन ग वर बसला, अगदी नेमका. पण त्याच्याबरोबर पंचम घसरून तीव्र मध्यम झाला आणि दोन्ही षड्ज निषादावर गेले. शेजारी तानपुरा चालू होता. दोन सेकंद असतील फार तर. गायकांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर तबल्याचे काका गाठोडं बांधता बांधता म्हणाले, "ग बरोबर आला रे, पण सा कुठे नेलास?"

त्या दिवसापासून शोधतोय की कॉर्डमधला एकच सूर वाकवता कसा येईल.

आधी हे का होतं ते लिहितो, कारण बऱ्याच जणांना बेंडर म्हणजे मींड असं वाटतं. मलाही वाटायचं. ॲनालॉग सिंथमधला सूर व्होल्टेजवर चालतो. प्रचलित पद्धत अशी की एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर जातो. सप्तकाचे बारा भाग, म्हणजे अर्ध्या सुराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. कळ दाबली की त्या कळीचं व्होल्टेज एका व्हॉईसला मिळतं. बेंडरचं व्होल्टेज मात्र सगळ्या व्हॉईसमध्ये सारखंच मिसळलं जातं. त्यामुळे सगळे सूर एकाच प्रमाणात वर-खाली होतात, अंतरं तशीच राहतात. कॉर्डचा आकार मोडत नाही, अख्खी कॉर्ड उचलून दुसरीकडे ठेवली जाते. मिडीमध्येही, म्हणजे वाद्यं एकमेकांना संदेश पाठवतात त्या पद्धतीतही, तेच. १९८३ च्या मिडीत बेंडरचा संदेश अख्ख्या चॅनलसाठी असतो, एका सुरासाठी नसतो. त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारकावा भरपूर, पण सगळे सूर एकत्रच जाणार.

अख्खी कॉर्ड वाकवणं वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कोळीगीतात किंवा ठेक्याच्या गाण्यात ब्रासचा फटका मारायचा असेल, तर बेंडर आधी अर्धा सूर खाली ओढून ठेवायचा, कॉर्ड दाबायची आणि लगेच सोडून द्यायचा. कॉर्ड खालून उसळी मारून जागेवर बसते. यात षड्ज हलतो, पण तो येताना हलतो आणि बसल्यावर स्थिर राहतो, म्हणून कानाला चालतं. जे बसलेलं आहे ते हलवलं की चालत नाही. मींड एका सुराची असते आणि बाकीचे सूर थांबलेले असतात म्हणूनच ती मींड म्हणून ऐकू येते.

आता मला सापडलेली युक्ती. माझ्या मशीनमध्ये चारच व्हॉईस आहेत. पॉलीमध्ये (अनेक सूर एकत्र वाजवताना) पोर्टामेंटो चालू केला, तर प्रत्येक व्हॉईस आपल्या मागच्या सुरापासून नव्या सुराकडे घसरत जातो. अडचण ही की नवी कळ कुठल्या व्हॉईसला मिळेल ते मशीन ठरवतं. दोनच सूर धरून तिसरा बदलत राहिलं, तर मोकळे दोन व्हॉईस आलटून पालटून येतात आणि सूर कुठून तरी भलतीकडूनच घसरत येतो. पण चारही व्हॉईस धरलेले असले आणि त्यातली एकच कळ सोडली, तर मोकळा व्हॉईस एकच उरतो. पुढची कळ त्यालाच मिळणार, मशीनला दुसरा पर्यायच नाही. डाव्या हाताने खालचा सा आणि प. उजव्या करंगळीने वरचा सा, तर्जनीने म. म सोडायचा, अंगठ्याने ग दाबायचा. तोच व्हॉईस म वरून ग वर घसरत येतो आणि बाकी तिघे जागचे हलत नाहीत.

पहिल्यांदा हे जमलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, हेडफोन लावून बसलो होतो. तासभर तेवढंच वाजवत राहिलो.

आता अडलंय ते इथे: ग ची कळ दाबली की तो सूर नव्याने "ठण्" करून सुरू होतो. घसरतो खरा, पण आधी ठोका बसतो. गळ्यात असा ठोका नसतो. हा कसा घालवायचा?

आणि एक. घाई झाली आणि म सोडायच्या आधीच ग दाबला गेला, तर मशीन सर्वांत जुना सूर चोरतं. माझ्याकडे तो खालचा षड्ज असतो. म्हणजे ज्याला वाचवायला निघालो तोच जातो. सस्टेन पेडल दाबलेलं असेल तरी हेच होतं.

---

नवशिका_मुलुंड

वाखूसा (वाचनखूण साठवली). कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. चार सूर धरून एक सोडायची युक्ती आजच करून पाहतो. माझ्याकडे सहा व्हॉईसचं मशीन आहे, मग सहा सूर धरायचे का?

---

पांढरी_एक

हो, किंवा मशीनमध्ये व्हॉईसची संख्या कमी करायची सोय असेल तर ती वापर. नसेल तर खालचा सा दोन सप्तकांत आणि प दोन सप्तकांत धर. बोटं पुरत नाहीत ही खरी अडचण. चार व्हॉईसचं स्वस्त मशीन इथे महागड्या आठ व्हॉईसवाल्यापेक्षा सोयीचं पडतं.

---

तारयंत्र

मी हवाईयन गिटार वाजवतो. तुमचा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. सळी सरळ धरून सरकवली की सगळ्या तारा एकत्र सरकतात, तुमच्या बेंडरसारख्या. सळी तिरकी धरली की तारांमधलं अंतर बदलतं, पण ती नेमकी बसवायला हाताला वर्षं लागतात. पेडल स्टीलवाल्यांनी यावर पायाचा उपाय काढला. पेडल दाबलं की ठरलेली एखाददुसरी तारच ताणली जाते, बाकीच्या तशाच वाजत राहतात. त्या वाद्याचा जीव त्यातच आहे. म्हणजे तुम्ही जे शोधताय ते कुणी ना कुणी प्रत्येक वाद्यावर शोधलेलं आहे.

ठोक्याबद्दल मला सांगता येणार नाही. आमच्याकडे तार एकदाच छेडतात, मग फक्त सळी फिरते.

---

मिक्सिंगवाली

ठोक्याचं उत्तर रिलीजमध्ये आहे. मी स्टुडिओत रेकॉर्डिंग करते, या गोष्टीवर बरीच डोकेफोड केली आहे.

एन्व्हलप म्हणजे आवाजाचा चढ-उतार ठरवणारा भाग: अटॅक हा चढ, सस्टेन ही कळ धरलेली असतानाची पातळी, रिलीज हा कळ सोडल्यावरचा उतार. कळ सोडली की एन्व्हलप रिलीजमध्ये जातं आणि आवाज उतरायला लागतो. तुमचा रिलीज आखूड असेल, तर ग दाबेपर्यंत म चा आवाज बराच खाली गेलेला असतो. मग अटॅकला तळापासून चढावं लागतं आणि तोच चढ तुम्हाला ठोका म्हणून ऐकू येतो. रिलीज तीन-चार सेकंद ठेवा. बोट उचलून दुसरं टेकवायला दशांश सेकंद लागतो, तेवढ्यात आवाज फारसा उतरत नाही. बहुतेक ॲनालॉग एन्व्हलप जिथे आहे तिथूनच पुन्हा चढतं, शून्यावर जात नाही, कारण आत एक कपॅसिटर भरलेला असतो आणि तो आहे त्या पातळीपासून भरायला लागतो. चढायला जागाच उरली नाही की ठोकाही उरत नाही.

काही मशीन मात्र दर कळीला एन्व्हलप शून्यावर आणतात. तुमचं कुठल्या जातीचं ते असं तपासा: अटॅक दोन सेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज पाच सेकंद. चार सूर धरा, पूर्ण भरू द्या. मग एक कळ सोडून लगेच तीच पुन्हा दाबा. आवाज अखंड राहिला तर काम झालं. दबून पुन्हा वर आला तर मशीन शून्यावर आणणारं आहे. मग अटॅक अगदी थोडा ठेवा, पूर्ण शून्य ठेवलात तर टकटक येते. आणि फिल्टरवरचा (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग कापणाऱ्या भागावरचा) एन्व्हलप संपूर्ण काढून टाका. खरं तर तुमच्या "ठण्"मधला मोठा हिस्सा फिल्टर उघडण्याचा असणार. आवाजापेक्षा तोच आधी कानावर येतो.

सस्टेन मात्र पूर्णच हवा. सस्टेन निम्म्यावर असेल, तर नव्या अटॅकला निम्म्यापासून टोकापर्यंत चढायला वाव मिळतो आणि ठोका परत येतो.

---

पांढरी_एक

माझा सस्टेन साधारण साठ टक्क्यांवर होता आणि फिल्टरवर एन्व्हलप भरपूर. दोन्हीकडे चुकत होतं. आज रात्री बसतो आणि इथे लिहितो.

---

खर्ज

धागा आवडला. थोडं जुनं सांगतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण सिंथ एका सुराचे असायचे. मिनीमूग १९७० चा. एका वेळी एकच कळ, पण आत सूर निर्माण करणारे तीन ऑसिलेटर. वादक केरसी लॉर्ड यांनी तो हिंदी सिनेसंगीतात आणला हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. त्याच्यावर कॉर्ड लावायची म्हणजे दुसरा ऑसिलेटर चार सेमीटोन वर आणि तिसरा सात सेमीटोन वर लावायचा. मग एक कळ दाबली की सा, ग, प एकत्र. पण ही कॉर्ड आंधळी असते. पांढऱ्या एकवर ठीक, पांढरी दोन दाबली की रे बरोबर तीव्र मध्यम येतो आणि बिलावलच्या (सगळे शुद्ध स्वर असलेल्या थाटाच्या) बाहेर पडतो. म्हणून जाणती मंडळी मधला गंधार लावतच नसत, फक्त षड्ज-पंचम ठेवत. षड्ज-पंचम बिलावलात जवळजवळ कुठेही चालतो, अपवाद फक्त निषादाचा.

आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच पाटीवर आहे. मिनीमूगचा तिसरा ऑसिलेटर एका स्विचने कीबोर्डपासून सोडवता येतो. तो सोडवून षड्जावर लावून ठेवायचा. आता कुठलीही कळ दाबा, तिसरा ऑसिलेटर सा वरच उभा. ग्लाइडचं (पोर्टामेंटोचं) बटण फिरवलं की बाकीचे दोन ऑसिलेटर मींडेने फिरतात आणि खाली षड्ज तानपुऱ्यासारखा लागून राहतो. एका सुराच्या यंत्रावर षड्ज अढळ ठेवून मींड! मला तरी ग्लाइडची ती घसरण हाताने फिरवलेल्या बेंडरपेक्षा गोड वाटते. साध्या ॲनालॉग ग्लाइडमध्ये सूर सुरुवातीला झपाट्याने निघतो आणि मुक्कामाच्या जवळ आल्यावर सावकाश टेकतो. गळाही थोडाफार तसंच करतो.

---

पेटीमास्तर

सर्वांना नमस्कार. मी गेली चाळीस वर्षं संवादिनी शिकवतो. सिंथमधलं मला फार कळत नाही, पण या चर्चेत एक गोष्ट आल्यावाचून राहू नये असं वाटलं.

आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. आक्षेप हाच होता: कळींच्या वाद्यावर मींड येत नाही, आणि सूर साच्यातले आहेत. आम्ही पेटीवाल्यांनी त्यावर काय केलं? भाता सांभाळून, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट अलगद उचलून, मधल्या सुराला किंचित स्पर्श करून मींडेचा भास निर्माण केला. तो भासच. तुम्हाला खरी मींड मिळतेय, कळींच्या वाद्यावर. ती नीट वापरा.

पण दुसरा आक्षेप तुमच्या यंत्रालाही लागू आहे. तुमचा गंधार साच्यातला आहे. गाणारा माणूस तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधाराला मिळून गातो आणि तो तुमच्या कळीवरच्या गंधारापेक्षा उतरता असतो. मींड कितीही सुरेख झाली तरी ती जिथे टेकणार ती जागाच किंचित चढी आहे. यावर काही करता येतं का?

---

मिक्सिंगवाली

मास्तर, फार महत्त्वाचा मुद्दा. आकड्यांत सांगते, मग त्यावरचा उपाय.

पांढरी तीनचा गंधार समान साच्यात षड्जापासून ४०० सेंटवर असतो (अर्ध्या सुराचे शंभर सेंट). स्वयंभू गंधार, म्हणजे ५:४ चं प्रमाण, ३८६ सेंटवर. फरक १४ सेंट. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ॲनालॉग सिंथवर तो फार बोचतो, आणि त्याचं कारण त्या सिंथच्याच षड्जात आहे. सॉटूथ (करवतीच्या दातांसारख्या) लहरीत सगळे हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर, असतात. धागाकर्त्यांचा खालचा सा साधारण १३०.८ हर्ट्झचा. त्याचा पाचवा हार्मोनिक ६५४ हर्ट्झवर येतो. हाच त्या सुराचा स्वयंभू गंधार, तानपुऱ्यात ऐकू येतो तसाच. आता वर कळीने वाजवलेला ग ३२९.६ चा आहे, त्याचा दुसरा हार्मोनिक ६५९ च्या थोडा वर. ६५४ आणि ६५९ एकत्र वाजले की सेकंदाला पाच आंदोलनं पडतात. म्हणजे तुमचाच षड्ज तुमच्याच गंधाराशी भांडतो. मींड उतरून सूर थांबला की ही थरथर उघडी पडते, कारण घसरत असताना कान तिकडे नसतो.

बेंडरने १४ सेंट खाली घेता येत नाही, कारण मग षड्जही जातो. मशीनमध्ये सूर वेगळे लावायची सोय असेल, तर पांढरी तीन १४ सेंट उतरवून ठेवा. पण मग ती पट्टी बदलली की सगळं नव्याने. सोय नसेल तर फिल्टर बंद करत आणा. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा, पाच-सहाशे हर्ट्झच्या आसपास आला की भांडणारे हार्मोनिक दबतात आणि राहतो तो गोल आवाज. गाण्यामागे पॅड धरायला तसाही तोच हवा, वरची जागा गायकाची आणि पेटीची आहे. किंवा सॉटूथ सोडून ट्रँगल लहर घ्या. त्यात सम हार्मोनिक नसतात आणि वरचे झपाट्याने लहान होत जातात, म्हणजे ६५९ चा प्रश्नच मिटतो.

मी स्वतः शुद्ध गंधाराच्या जागी आले की कटऑफ हाताने किंचित खाली घेते. मींड गडद होत जाते, खोलवर उतरल्यासारखी.

---

पेटीमास्तर

समाधान झालं. ती थरथर शिष्यांना पेटीवर ऐकवतो, पण ६५४ आणि ६५९ हा हिशेब आज पहिल्यांदा समोर आला. वहीत लिहून ठेवला आहे.

---

सोल्डरकाका

उशिरा आलो. ऑर्केस्ट्रांच्या काळापासून कीबोर्ड दुरुस्त करतो, लॅमिंग्टन रोडला पार्ट शोधण्यात निम्मं आयुष्य गेलं. तीन गोष्टी लिहितो.

पहिली, बेंडर. वाकवून सोडल्यावर तो मधोमध परत येतो की नाही, हे दर पावसाळ्यात तपासा. आत एक पोटेन्शिओमीटर (फिरवला की व्होल्टेज बदलणारा भाग) असतो. मुंबईची दमट हवा आणि धूळ मिळून त्याच्या पट्टीवर थर बसतो. स्प्रिंग त्याला मध्ये आणते, पण व्होल्टेज नेमकं मध्ये येत नाही. सगळा सिंथ पाच-सात सेंट बेसूर राहतो आणि वाजवणारा ट्यूनिंगचा नॉब फिरवत बसतो. चांगल्या बेंडरला मधोमध थोडी मृत जागा मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे थोडंफार इकडेतिकडे झालं तरी सूर हलत नाही. ती जागा पुरेनाशी झाली की स्वच्छ करायची वेळ आली. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, घरातलं शिलाई मशीनचं तेल नको. माझ्याकडे एकदा एक बेंडर आला, आधीच्या ठिकाणी कुणीतरी त्यात तेल सोडलं होतं. धूळ त्याला चिकटून काळा चिखल झाला होता. तो पोटेन्शिओमीटर वाचला नाही.

दुसरी, तापमान. ऑसिलेटरमधला ट्रान्झिस्टर तापमानाला फार हळवा असतो. भरपाई केलेली नसेल, तर एक अंश तापमान बदललं की सप्तकामागे साधारण चार सेंटचा फरक पडतो. म्हणून चांगल्या सर्किटमध्ये तापमानाबरोबर बदलणारा एक खास रेझिस्टर त्या ट्रान्झिस्टरला चिकटवूनच बसवलेला असतो. तरीही यंत्र तापायला वीस-तीस मिनिटं द्याच. हॉलमध्ये एसीचा झोत थेट सिंथवर येत असेल, तर जागा बदलून घ्या. पडदा उघडायच्या आधी ट्यून करायचं, बाहेरच्या घामट हवेतून आत आल्या आल्या नाही.

तिसरी थेट या धाग्याची. चार व्हॉईस म्हणजे चार वेगळी सर्किटं. चौघांचं व्होल्टेज-सप्तक प्रमाण तंतोतंत एक नसेल, तर जवळच्या सुरांत कळत नाही, पण एक सप्तक वाकवलं की कॉर्ड फिस्कटते. तपासायला बेंडरची रेंज बारा सेमीटोन करा, एक कॉर्ड धरा आणि पूर्ण वर न्या. वर गेल्यावर आंदोलनं दुप्पट वेगाने पडली तर घाबरू नका. सप्तक चढलं की सगळ्याच वारंवारता दुप्पट होतात, त्यांच्यातला फरकही दुप्पट. पण कॉर्ड आंबट झाली, तर कॅलिब्रेशन बिघडलंय. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथपासून बऱ्याच यंत्रांत ट्यून करायचं बटण असतं, ते दाबून आधी पाहा. नाही सुटलं तरच यंत्र उघडायचं.

जपानहून आणलेलं जुनं मशीन असेल तर ते १०० व्होल्टचं असतं. ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीला लावू नका. गेल्या वर्षभरात दोन जळालेली आली.

---

नवशिका_मुलुंड

एमपीईवाला कीबोर्ड घेतला तर हे सगळं सुटत नाही का? त्यात प्रत्येक सुराला वेगळा चॅनल मिळतो, म्हणजे वेगळा बेंड.

---

मिक्सिंगवाली

सुटतं. एमपीई २०१८ मध्ये मिडीचा अधिकृत भाग झालं आणि कल्पना तीच आहे: दर सुराला आपला चॅनल, म्हणून दर बोटाला आपली मींड. पण तुझ्या सिंथलाही एमपीई कळायला हवं, नाहीतर तो फक्त एका चॅनलचं ऐकेल. आणि बोट आडवं हलवून सूर वाकवायची सवय वेगळी आहे, पेटीवर वाढलेल्या हाताला ती नव्याने शिकावी लागते. पैसे असतील तर जरूर घे. तोवर दोन साधे सिंथ असतील तर एकावर षड्ज-पंचम धर आणि दुसऱ्यावर एकच सूर ठेवून त्याचा बेंडर फिरव. दोन यंत्रं, दोन चॅनल, एका हाताला एक. सर्वांत सोपं आणि सर्वांत भरवशाचं. फक्त दोघांचा आवाज सारखा करून घ्यायला एक संध्याकाळ जाईल.

---

खर्ज

अवांतर: मुंबईतच १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी जुपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा रागांची रेकॉर्ड केली. जुपिटर आठ व्हॉईसचा, पण राग मात्र एका सुरात चालतो. आठ आठ व्हॉईस हाताशी असताना एकच सूर पुढे ठेवायचा, ही समज मला त्यात सर्वांत मोठी वाटते.

---

पांढरी_एक

चार दिवसांनी लिहितोय.

चाचणी केली. माझं मशीन आहे त्या पातळीपासून चढतं, शून्यावर आणत नाही. सस्टेन पूर्ण केला, रिलीज साडेतीन सेकंद, फिल्टरवरचा एन्व्हलप काढला, कटऑफ खाली आणला, लहर ट्रँगल. ठोका गेला. काळजीपूर्वक ऐकलं तर कळ बदलल्याची एक सूक्ष्म जाणीव होते, पेटीवर बोट बदलल्यावर होते तेवढीच.

पोर्टामेंटोचा वेळ बराच चाळला. फार कमी ठेवला तर सूर उडी मारल्यासारखा वाटतो. फार जास्त ठेवला तर गायक गंधारावर पोहोचतो आणि मी मागे रेंगाळतो. पाव सेकंदाहून थोडा अधिक, तिथे मन रमलं. पण एक लक्षात आलं की वेळ एकदा ठरवून चालत नाही. प्रत्येक पदात ती जागा वेगळ्या लयीत येते. आता दोन प्रोग्रॅम साठवलेत, एक विलंबितासाठी आणि एक मध्य लयीसाठी.

सोल्डरकाका, बेंडर तपासला. सोडल्यावर सहा सेंट वर राहत होता. म्हणजे त्या दिवशी मी षड्ज हलवायच्या आधीपासूनच थोडा चढा होतो. पुढच्या आठवड्यात यंत्र घेऊन येतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

आणि ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ती गोष्ट. काल तालमीला दुसरे गायक होते, त्यांची पट्टी काळी दोन. पांढऱ्या एकला म आणि ग दोन्ही पांढऱ्या कळी, म्हणून दोन बोटं लागतात आणि सोडणं-दाबणं सांभाळावं लागतं. काळी दोनला म येतो काळी चारवर आणि ग येतो पांढरी पाचवर, तिच्या अगदी लगत खाली. एकच बोट काळ्या कळीवरून पांढरीवर घसरू द्यायचं. काळी आधी सुटते, मग पांढरी दबते, क्रम आपोआप बरोबर. आठ-दहा वेळा केलं, एकदाही षड्ज चोरीला गेला नाही. काळी एकलाही तसंच, म काळी तीनवर आणि ग पांढरी चारवर.

---

पेटीमास्तर

काळी एक आणि काळी दोनला हे बोट पेटीवरही असंच उतरतं. मींडेचा भास त्या दोन पट्ट्यांत सर्वांत चांगला होतो असं मी शिष्यांना सांगत आलो, कारण मात्र असं मांडलं नव्हतं. आता कोमल गंधारावरून रिषभावर उतरून पाहा, पांढऱ्या एकलाच. काळी दोनवरून पांढरी दोन. तिथेही एकच बोट पुरेल.